मुलाबाळांसह परराज्यात जावे की कोल्हापुरातच राहावे : निर्णय कसा घ्यावा

शिरोलीच्या फाउंड्रीत दर्जा तपासणी सांभाळणाऱ्या माणसाला कोइमतूर, राजकोट किंवा मानेसरहून बोलावणे येते, संगणक अभियंत्याला बेंगळुरू किंवा हैदराबादची नोकरी चालून येते, आणि घरात चर्चा सुरू होते ती थेट पगारापासून. माझे आग्रहाचे सांगणे असे की, ज्या घरात शिकणारी मुले आहेत त्या घराने ही चर्चा पगारापासून सुरू करू नये. मोठे मूल आज कितवीत आहे आणि दहावी व बारावी ते कोणत्या राज्यातून देणार आहे, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर कागदावर लिहून झाले की पगार, घरभाडे, आईवडील आणि आवडनिवड हे सगळे प्रश्न आपापल्या जागी बसतात. हे उत्तर न शोधता घेतलेला निर्णय पुढे चार-पाच वर्षांनी मुलाच्या प्रवेशाच्या वेळी आडवा येतो, आणि तेव्हा तो सुधारण्यास वाव राहिलेला नसतो.

इयत्तेचा हिशेब

महाराष्ट्रातील वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय प्रवेशांत शासकीय महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यात असतात. या कोट्यासाठी सर्वसाधारण नियम असा आहे की, उमेदवार राज्याचा अधिवासी असावा आणि दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा तो महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण झालेला असावा. काही अपवाद आहेत, पण ते मुख्यतः शासकीय सेवेतील बदल्यांसंबंधी आहेत आणि खासगी कंपनीतील नोकरदाराने त्यांच्यावर विसंबून राहू नये. उरलेल्या १५ टक्के अखिल भारतीय जागांना ही अट नसते, परंतु तेथे साऱ्या देशाशी स्पर्धा असते. अभियांत्रिकीचे नियम याहून सैल आहेत, कारण तेथे पालकांच्या अधिवासालाही स्थान आहे. तरीही दोन्ही बाबतींत राज्याची प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. क्लासवाल्यांचे किंवा शेजाऱ्यांचे ऐकून निर्णय घेऊ नये.

आता दुसरी बाजू पाहावी. कर्नाटकाच्या राज्य कोट्यासाठी जे कलम बहुतेकांना लागू होते ते असे की, विद्यार्थी पहिली ते बारावी या काळात किमान ७ पूर्ण शैक्षणिक वर्षे कर्नाटकात शिकलेला असावा आणि दहावी किंवा बारावी तेथून उत्तीर्ण झालेला असावा. सहावीच्या आरंभी बेंगळुरूला गेलेल्या मुलाची बारावीपर्यंत सात वर्षे भरतात. नववीत गेलेल्या मुलाची मात्र चारच भरतात, आणि दहावी महाराष्ट्रातून नसल्यामुळे इकडच्या वैद्यकीय कोट्याचे दारही बंद होते. अशा मुलाची अक्षरशः त्रिशंकू अवस्था होते. आईवडिलांनी चूक काहीच केलेली नसते. निघण्याचे वर्ष तेवढे चुकलेले असते. म्हणून ज्या राज्यात जायचे आहे तेथील हा नियम आधी शोधावा, मुलाच्या आजच्या इयत्तेपासून बारावीपर्यंतची वर्षे बोटावर मोजावीत, आणि ती भरत नसतील तर दहावीच्या आधी परत येण्याची तयारी आहे का हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे.

हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवला की वर्षांची प्रतवारी आपोआप होते. पहिली ते पाचवी हा काळ हलण्यास सर्वांत सोपा आहे. सहावीत आणि, तिकडच्या नियमाची वर्षे भरत असतील तर, सातवीतही हरकत नाही, मात्र तेव्हा जाणाऱ्या घराने निदान बारावीपर्यंत तिकडेच राहण्याचा विचार पक्का केलेला असावा. आठवीत जाणे हे माझ्या मते टोक आहे. नववी, दहावी आणि बारावीत हलवू नये. केंद्रीय मंडळाच्या शाळांत नववीत आणि अकरावीत विद्यार्थ्याची मंडळाकडे नोंदणी होते, आणि दहावी किंवा बारावीत थेट प्रवेश हा पालकांच्या बदलीसारख्या कारणासाठी, कागदपत्रे दाखवून आणि मंडळाच्या मान्यतेने मिळतो. तो हक्काने मागता येत नाही. दहावीनंतर अकरावीला जाणे दिसायला सोयीचे वाटते, पण वर सांगितलेला दहावी-बारावीचा नियम तेथेच आडवा येतो. ज्या मुलाला डॉक्टर व्हायचे आहे, त्याच्या घराने दहावीचा निकाल हातात घेऊन निघू नये.

दोन मुले असतील तर निर्णय मोठ्याच्या इयत्तेवरून घ्यावा. धाकटे मूल दुसरीत आहे म्हणून सोपे जाईल, असे म्हणून नववीतल्या थोरल्याला ओढून नेणे न्याय्य नाही.

लहान मुलांच्या बाबतीत एक वेगळीच अडचण असते, ती म्हणजे वयाची तारीख. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला ६ वर्षे पूर्ण असावी लागतात, तर केंद्रीय विद्यालयांत आणि उत्तरेकडील अनेक शाळांत ३१ मार्च ही तारीख धरतात. त्यामुळे एप्रिल ते डिसेंबर या महिन्यांत जन्मलेले मूल कोल्हापुरात पहिलीत बसलेले असले तरी दिल्लीकडची शाळा त्याला खालच्या वर्गात बसवू पाहते. एक वर्ष मागे बसणे ही फार मोठी हानी आहे असे मी मानत नाही, परंतु ते प्रवेशाच्या खिडकीपाशी कळण्यापेक्षा घरी बसून ठरवलेले बरे.

शाळेचे वेळापत्रकही जुळत नाही. आपल्या राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला भरतात. उत्तरेकडील शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि दिल्लीतील बालवर्गाच्या प्रवेशाची प्रक्रिया त्याआधीच्या हिवाळ्यात होते. जूनमध्ये जायचे म्हणून मे महिन्यात शाळा शोधायला निघालेल्या पालकांना चांगल्या शाळेत जागा मिळत नाही. निर्णय आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास झालेला असावा.

भाषा आणि अभ्यासक्रम

कर्नाटकात कन्नड, तेलंगणात तेलुगू आणि तामिळनाडूत तमिळ शाळेत शिकवण्याचे कायदे आहेत, जसा महाराष्ट्राचा मराठीसाठी २०२० चा कायदा आहे. नव्याने आलेल्या मुलाला किती सवलत मिळते, ती कोणत्या इयत्तेपर्यंत असते आणि परीक्षेत त्या भाषेचे गुण धरले जातात का, हे शाळेकडून लेखी मागून घ्यावे. निपाणी, गडहिंग्लजकडच्या नात्यागोत्यामुळे कोल्हापूरच्या पुष्कळ घरांत कानडी कानावर पडलेली असते आणि त्यामुळे कन्नडची भीती वाटत नाही. पण कानावर पडलेली बोली वेगळी आणि सातवीच्या पुस्तकातील उताऱ्यावर त्या लिपीत उत्तरे लिहिणे वेगळे. निघण्यापूर्वी चार-सहा महिने मुळाक्षरे आणि बाराखडी घरीच गिरवून घेतली, तर पहिल्या सहामाहीतले अपमानाचे प्रसंग बरेच टळतात.

मराठी माध्यमातील मुलाचा विचार अधिक काळजीने करावा. त्याला एकाच वेळी माध्यम, मंडळ आणि गाव अशा तीन गोष्टी बदलाव्या लागतात. पाचवीपर्यंत हे झेपते. सातवीनंतर गणित आणि विज्ञान यांच्या संज्ञाच परक्या होतात, आणि हुशार मूल वर्गात गप्प बसू लागते. हैदराबादेत विवेकवर्धिनी, दिल्लीत पहाडगंजचे नूतन मराठी विद्यालय अशा मराठी माणसांनी उभ्या केलेल्या संस्था आहेत. त्यांच्यापासून आपले होणारे घर किती दूर पडेल आणि आज तेथे कोणत्या इयत्तेला कोणते माध्यम आहे, याची चौकशी जरूर करावी.

अभ्यासाबरोबर जाणाऱ्या गोष्टींचीही नोंद घ्यावी. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी, एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा, क्रीडा आणि शास्त्रीय कलांचे दहावीतील वाढीव गुण हे सगळे आपल्या राज्याशी आणि त्याच्या मंडळाशी बांधलेले आहे. राज्य आणि मंडळ बदलले की त्यांचा उपयोग संपतो.

पैशाचा हिशेब

येथे पगाराला पगार लावून तुलना करू नये, शिलकेला शिल्लक लावावी. समजा, कोल्हापुरात हातात ६०,००० रुपये येतात आणि पत्नी घरी शिकवण्या घेऊन १५,००० मिळवते. राजारामपुरीत स्वतःचे घर असल्यामुळे भाडे नाही, दोघा मुलांच्या शाळेसह सारा खर्च ४५,००० आहे. महिन्याला ३०,००० उरतात. बेंगळुरूची नोकरी हातात १,१०,००० देते. त्यातून घरभाडे आणि सोसायटीची देखभाल ३८,०००, दोघांची शाळा आणि स्कूलबस २२,०००, घरखर्च ३०,०००, आणि गावी येणे-जाणे व आईवडिलांसाठी ७,००० काढले की १३,००० उरतात, कारण शिकवण्या येथेच राहिल्या. पगार पाऊणपटीहून अधिक वाढला आणि शिल्लक निम्म्याहून खाली आली. हे आकडे केवळ नमुन्याचे आहेत. आपले आकडे मांडून हीच वजाबाकी करावी.

ही वजाबाकी पहिल्या वर्षाची झाली. तशीच तिसऱ्या वर्षाचीही करावी, कारण काही क्षेत्रांत मोठ्या शहरात तीन वर्षांत पगार असा चढतो की पहिल्या वर्षाची ओढाताण भरून निघते, आणि काही क्षेत्रांत तो जागचा हलत नाही. त्याच कामावर त्याच शहरात तीन-चार वर्षांपूर्वी गेलेल्या कोल्हापूरकराला गाठून हे विचारावे. असा एक तरी माणूस प्रत्येक कारखान्याच्या ओळखीत निघतोच.

एकरकमी खर्च वेगळे मांडावेत. बेंगळुरूत कित्येक महिन्यांच्या भाड्याइतके डिपॉझिट मागण्याची जुनी रीत आहे. शाळेची प्रवेश फी, सामानाची वाहतूक आणि पहिल्या महिन्यातील खरेदी त्यावर येते. हा खर्च कंपनी देणार असेल तर तो नियुक्तिपत्रात लिहिलेला असावा. आणखी एक बारीक बाब म्हणजे नव्या करप्रणालीत घरभाडे भत्त्यावर सूट मिळत नाही, म्हणून भाडे मोठे असेल तर दोन्ही प्रणालींनी कर काढून पाहावा.

घर मात्र विकू नये. निदान दोन वर्षे तरी विकू नये. ११ महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर ते भाड्याने द्यावे आणि परतीची वाट मोकळी ठेवावी.

पत्नीची नोकरी आणि मागे राहणारे आईवडील

दोघेही नोकरी करीत असतील तर दुसऱ्याच्या नोकरीचे काय होणार हे अगदी आरंभीच बोलावे. राष्ट्रीयीकृत बँकेतील नोकरदाराला बदलीचा अर्ज तरी करता येतो; जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेची नोकरी राज्याबाहेर जात नाही. ती सोडायची म्हणजे पुन्हा न मिळणारी गोष्ट सोडायची. पुष्कळ घरांत हा त्याग बाईने करायचा हे बोलण्याआधीच गृहीत धरलेले असते आणि त्याचा सल पुढे वर्षानुवर्षे राहतो. तिची पेन्शन, तिची ज्येष्ठता आणि तिचे मन या तिन्हींचा हिशेब पतीच्या पगाराइतक्याच गांभीर्याने मांडला गेला पाहिजे.

आईवडील मागे राहणार असतील तर त्यांच्या सोयीची चर्चा पावसाळ्यातल्या एका रात्रीपुरती करून पाहावी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल भागांत घुसले आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद राहिला. अशा वेळी मुलगा कितीही धडपडला तरी कोल्हापुरात पोहोचू शकत नाही. घर पूररेषेत येत असेल तर आईवडिलांना वर कोण हलवणार, त्यांची औषधे कोण उचलणार, रात्री सीपीआर या शासकीय रुग्णालयात किंवा खासगी दवाखान्यात कोण नेणार, याचे उत्तर म्हणून एका माणसाचे नाव सांगता आले पाहिजे, आणि त्या माणसाला समक्ष भेटून त्याचा होकार घेतलेला असला पाहिजे. ‘भावकी आहे, गल्ली आहे’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण पुराच्या रात्री गल्लीतला प्रत्येक जण आपापल्या घरात अडकलेला असतो.

आईवडिलांना बरोबर नेण्याचा विचार असेल तर आधी त्यांना महिनाभर तिकडे राहू द्यावे. रंकाळ्यावर रोज फिरायला जाणारे आजोबा सातव्या मजल्यावर कसे रमतात, हे महिनाभरात कळते.

गाव पाहून येणे

एकदा तरी मुलांसह जाऊन यावे आणि तेही शाळा चालू असताना. हॉटेलात न उतरता, जेथे घर घ्यायचे आहे त्याच भागात चार-आठ दिवस राहावे. सकाळी शाळेच्या वेळेला घरापासून शाळेपर्यंतचे अंतर स्वतः जाऊन मोजावे. ते किलोमीटरमध्ये मोजू नये, मिनिटांत मोजावे. कोल्हापुरात तीन किलोमीटरवरची शाळा म्हणजे सायकलचा रस्ता. मोठ्या शहरात तेच अंतर स्कूलबसमध्ये तासभर खाऊ शकते, आणि मुलाचे खेळणे, झोप आणि वाचन यांचा वेळ त्यातूनच जातो.

शहर त्याच्या वाईट महिन्यात पाहावे. दिल्ली, गुरुग्रामची हवा नोव्हेंबरात बिघडते आणि प्रदूषण टोकाला गेले की शाळा बंद ठेवण्याची किंवा घरून चालवण्याची वेळ येते. ज्या मुलाला दम्याचा त्रास आहे त्याच्यासाठी एवढे एकच कारण निर्णय फिरवण्यास पुरेसे आहे. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो आणि पाण्याची टंचाई उन्हाळ्यात जाणवते. फेब्रुवारीत पाहिलेले शहर सगळीकडेच छान दिसते.

परत येण्याची वाहने आणि अंतरही पाहून घ्यावे. बेंगळुरू महामार्गाने साधारण ६०० किलोमीटरवर, म्हणजे एका रात्रीच्या बसवर आहे. दिल्लीची गोष्ट वेगळी आहे. कोल्हापूरहून निजामुद्दीनला थेट गाडी आहे, पण ती आठवड्यातून एकदाच सुटते. वडिलांना बरे नाही असा फोन आला तर किती तासांत घरी पोहोचता येईल, हा आकडा पगाराच्या आकड्याशेजारी लिहून ठेवावा.

मुलांना केव्हा आणि काय विचारावे

सहा वर्षांच्या मुलाला ‘जायचे का?’ असे विचारू नये. तो भार त्याचा नाही. त्याला ठरलेले सांगावे आणि आजी-आजोबा केव्हा भेटतील हे नेमके सांगावे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला मात्र विचारल्याशिवाय ठरवू नये, आणि विचारायचे ते असे की, येथून गेल्यावर तुझे काय काय सुटेल? पेठेतल्या तालमीच्या संघातून फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला शाहू स्टेडियमवरचे सामने, तो संघ आणि ती गर्दी कोणत्याही शहरात मिळणार नाही. त्याने ‘फुटबॉल’ असे एका शब्दात उत्तर दिले तर नव्या गावात संघ आणि प्रशिक्षक कोठे आहेत हे आईवडिलांनी जाण्यापूर्वी शोधायचे असते. गेल्यावर शोधू असे म्हणून चालत नाही. कुस्ती, नेमबाजी, पोहणे यांतील मुलांबाबत तर राज्य संघटनेकडची नोंदणी आणि कोणत्या राज्याकडून खेळायचे हाही प्रश्न येतो. मुलाने नकार दिला तर तो अंतिम मानावा असे नव्हे, पण त्याच्या नकारातील कारणे या हिशेबात धरली जावीत, आणि ती धरली गेली हे त्याला दिसावे.

मधला मार्ग

मूल नववी-दहावीत असेल आणि नोकरी सोडवत नसेल, तर एकट्याने आधी जावे. बेंगळुरूपर्यंतच्या अंतरात हे जमण्यासारखे आहे, दिल्लीकडे फार अवघड. मात्र ही व्यवस्था एका शैक्षणिक वर्षासाठी, फार तर दहावीच्या परीक्षेपर्यंत, अशी तारीख घालून करावी. तारीख नसली की ती लांबत जाते आणि घर दोन ठिकाणी विभागलेलेच राहते. मुलाला आजीकडे ठेवून आईवडिलांनी जाणे हाही एक पर्याय सांगितला जातो. आजी खंबीर असेल आणि मुलाची स्वतःची तशी इच्छा असेल तरच तो घ्यावा.

निघण्यापूर्वीची कागदपत्रे

जाण्याचे ठरले तर सामान बांधण्याआधी कागद बांधावेत. अधिवास प्रमाणपत्रासाठी महाराष्ट्रात १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते; आईवडिलांची आणि शक्य असेल तर मुलांचीही ही प्रमाणपत्रे सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार संकेतस्थळावरून आताच काढावीत. जातीचे प्रमाणपत्र आणि त्यासाठी लागणारे आजोबा-पणजोबांचे जुने शाळेचे दाखले येथे असतानाच शोधावेत. स्थलांतराने नव्या राज्यातील आरक्षण मिळत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्ट केले आहे. आरक्षणाचा आधार असलेल्या कुटुंबाने म्हणूनच मुलाची प्रवेशाची वर्षे महाराष्ट्रात यावीत असाच बेत आखावा.

शाळा सोडल्याचा दाखला हातात पडताच, त्याच खिडकीपाशी उभे राहून, प्रत्येक रकाना वाचावा. मुलाचे आणि आईचे नाव, जन्मस्थळ, जात, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख हे सारे जन्मदाखल्याशी आणि आधारशी जुळते का ते पाहावे. एखादी वेलांटी चुकली असेल तर मूल पटावर असतानाच जनरल रजिस्टरमधील नोंद दुरुस्त करून घ्यावी. नाव कमी झाल्यावर तीच दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जाते आणि फार किचकट होते. दाखला परराज्यात किंवा दुसऱ्या मंडळाकडे जाणार असल्यास त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते का, हे नव्या शाळेला आधी विचारावे, कारण त्या एका सहीसाठी बेंगळुरूहून पुन्हा जिल्हा परिषदेत येणे भाग पडू नये. मूळ दाखला नव्या शाळेत जमा होतो, तेव्हा त्याच्या साक्षांकित प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात. लसीकरणाची नोंदवही आणि शाळेच्या संगणक प्रणालीतील विद्यार्थी क्रमांकही त्याच पिशवीत असू द्यावेत.

एमएच ०९ ची गाडी बरोबर नेणार असाल, तर ती दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ राहिल्यास तेथे नव्याने नोंदवावी लागते आणि त्यासाठी कोल्हापूरच्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. एका वर्षाच्या आत परतण्याचा किंवा पुढे राहण्याचा निर्णय होणार असेल, तर गाडीचे कागद त्या तारखेपर्यंत हलवू नयेत.